लघुग्रहाला पणजोबांचं नाव देता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. लेक नववीत आहे. शाळेच्या गटातून तिने लघुग्रह शोधमोहिमेत भाग घेतला आणि 'प्राथमिक शोध' असं लिहिलेलं प्रमाणपत्र घरी आलं. आता सगळ्यांच्या मनात आहे की त्या लघुग्रहाला तिच्या पणजोबांचं नाव द्यावं. ते स्वातंत्र्यसैनिक होते, पुढे गावच्या शाळेत शिक्षक झाले आणि 1983 साली गेले. अर्ज कुठे करायचा, आणि साडेचार हजार रुपयांत लघुग्रहाला नाव देऊ म्हणणारं एक संकेतस्थळ खरं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सतरा वर्षं हौशीने लघुग्रहांचे वेध मोजतो आणि दरवर्षी दोन-तीन शाळांचे गट याच मोहिमेसाठी तयार करतो. तुमच्यासारखा प्रश्न जवळजवळ दरवर्षी कोणीतरी पालक विचारतात. उत्तर थोडं लांब होईल, कारण 'अर्ज कुठे करायचा' याच्या आधी एक प्रश्न आहे: नाव देण्याइतकी त्या लघुग्रहाची ओळख पटली आहे का?

पैशांचं आधी सांगतो. ते पैसे भरू नका. लघुग्रहांची नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा एक कार्यगट मंजूर करतो आणि ती विकत मिळत नाहीत. पैसे भरून जे मिळेल तो एक छापील कागद असेल. खगोलशास्त्राच्या कुठल्याही यादीत ते नाव येणार नाही.

असा व्यवहार इतिहासात एकदा झाला होता, तोही सांगायला हवा. 1885 मध्ये व्हिएन्नाचे खगोलशास्त्रज्ञ योहान पालिसा यांना 250 क्रमांकाचा लघुग्रह सापडला. पुढच्या वर्षीच्या सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी नाव ठेवण्याचा हक्क पन्नास पौंडांना देऊ केला. बॅरन आल्बर्ट फोन रोथशिल्ड यांनी तो घेतला आणि पत्नीच्या नावावरून 'बेटिना' असं नाव दिलं. आजच्या नियमांत याला जागा नाही. या रोथशिल्डांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता प्रमाणपत्राकडे वळू. मुलांना मिळतात ती छायाचित्रं हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावरील पॅन-स्टार्स दुर्बिणीची असतात. तिचा आरसा 1.8 मीटरचा आहे. आकाशाच्या एकाच तुकड्याची चार छायाचित्रं थोड्या थोड्या वेळाने घेतलेली असतात. ती एकामागून एक फिरवली की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा फिकट ठिपका सरकताना दिसतो. मुलं त्याची चारही ठिकाणं मोजतात, ती एका रेषेत आहेत का, तेज साधारण सारखं राहतंय का ते पाहतात आणि अहवाल पाठवतात. तुमच्या लेकीने हेच केलं. हे खरं काम आहे. तिने मोजलेले आकडे मोठ्या माणसाने मोजलेल्या आकड्यांइतकेच कामाचे आहेत, हे तिला जरूर सांगा.

पण चार छायाचित्रांतून आपल्याला फक्त एवढंच कळतं, की अमुक रात्री, अमुक जागी, अमुक वेगाने काहीतरी सरकत होतं. त्यावरून कक्षा ठरत नाही. पुढच्या काही दिवसांत तोच ठिपका दुसऱ्या रात्री पुन्हा दिसला, तर अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं मायनर प्लॅनेट सेंटर त्याला तात्पुरती खूण देतं. लघुग्रहांचे जगभरचे वेध याच केंद्रात जमा होतात.

ही तात्पुरती खूण वाचता आली की मुलांना फार मजा येते, म्हणून एक उदाहरण घेऊ. '2006 व्हीपी32'. आधी वर्ष. मग वर्षाचे चोवीस पंधरवडे पाडून प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. 'आय' हे अक्षर एकाशी गफलत होऊ नये म्हणून गाळलेलं आहे. 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढचं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगतं: 'आय' सोडून उरलेली पंचवीस अक्षरं संपली की पुन्हा 'ए'पासून सुरुवात होते, आणि अशा किती फेऱ्या झाल्या ते शेवटचा आकडा सांगतो. बत्तीस फेऱ्या म्हणजे आठशे, आणि 'पी' हे पंधरावं. म्हणजे त्या पंधरा दिवसांत नोंदला गेलेला हा आठशे पंधरावा. आकाशात किती गर्दी आहे याचा अंदाज यावरून येईल.

या ठिपक्याचं पुढे काय झालं ते तुम्ही वाचलंही असेल. त्याची कक्षा पक्की झाली, त्याला 300128 हा क्रमांक मिळाला आणि 2019 मध्ये त्याचं नाव 'पंडितजसराज' असं ठेवलं गेलं. जसराजांचा जन्म 28 जानेवारी 1930 चा. क्रमांकाच्या दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडा आणि त्या उलटीकडून वाचून पाहा. मुंबईत राहून ज्यांनी आयुष्यभर गायलं आणि शिकवलं, त्यांच्या नावाचा एक खडक मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरतो आहे. मला याचा मनापासून आनंद होतो. पण 2006 मध्ये सापडलेल्या खडकाला नाव 2019 मध्ये मिळालं, हेही पाहा. मधे तेरा वर्षं गेली.

एवढा वेळ का लागतो? मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह पृथ्वीच्या दृष्टीने सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो तेव्हा तो चांगला दिसतो. याला प्रतियुती म्हणतात, आणि ती साधारण सव्वा वर्षाने येते. अशा चारेक प्रतियुतींमध्ये वेध मिळाले की सहसा कक्षा भरवशाची होते आणि कायमचा क्रमांक मिळतो. म्हणजे पाच-सहा वर्षं तरी धरून चाला. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. तोच खडक जुन्या छायाचित्रांत कुठे सापडला, तर काम लवकर होतं. फारच फिकट असेल, तर दहा वर्षंही जातात. आमच्या एका गटाचा ठिपका दुसऱ्या रात्री कोणालाच सापडला नाही आणि तिथेच थांबला. दुसऱ्या एका गटाचा ठिपका आधीच माहीत असलेला लघुग्रह निघाला. तोपर्यंत एका वर्तमानपत्रात 'विद्यार्थिनींनी लावला लघुग्रहाचा शोध' अशी बातमी छापून आली होती. त्या मुलींना खरं काय ते समजावून सांगताना मला फार जड गेलं. तेव्हापासून मी पालकांना पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकतो.

कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळाल्याशिवाय नाव नाही, हा नियम कोरडा वाटतो. तो का हवा हे दोन गोष्टींवरून मला पटलं.

1928 मध्ये झांग युझे हे चिनी खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेत शिकत होते. त्यांना एक लघुग्रह सापडला. मायदेशाच्या प्रेमाने त्यांनी त्याला 'चायना' हे नाव दिलं, क्रमांक 1125. मग तो हरवला. हातात होते तेवढे वेध तो पुन्हा शोधायला अपुरे पडले. 1957 मध्ये चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेत दुसराच एक लघुग्रह सापडला, तेव्हा 1125 हा क्रमांक आणि 'चायना' हे नाव त्याला देऊन टाकलं. आणि 1986 मध्ये मूळचा खडक पुन्हा सापडला! तोवर त्याचं नाव दुसऱ्याकडे गेलेलं होतं. त्याला नवा क्रमांक मिळाला 3789 आणि नाव 'झाँगग्वो', म्हणजे चीन देशाचं चिनी भाषेतलं नाव. एका माणसाची देशावरची माया आज दोन वेगळ्या खडकांवर नोंदलेली आहे.

दुसरी गोष्ट त्याच रोथशिल्डांची. पालिसांनी 1911 मध्ये सापडलेल्या 719 क्रमांकाच्या लघुग्रहाला 'आल्बर्ट' नाव दिलं. व्हिएन्ना वेधशाळेला मदत करणारे बॅरन त्याच वर्षी वारले होते. पण हा आल्बर्ट लगेचच हरवला, तो थेट 2000 साली सापडला. एकोणनव्वद वर्षं नाव यादीत होतं आणि ज्याचं नाव तो खडक कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पणजोबांच्या नावाचं असं व्हावं असं तुम्हालाही वाटणार नाही.

क्रमांक मिळाला असं समजू. मग नाव कोण देणार? नाव सुचवण्याचा हक्क शोधकर्त्याचा असतो आणि क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं तो त्याच्याकडे राहतो. अधिकृत शोधकर्ता कोण, हेही क्रमांक देतानाच ठरतं. तुमच्या लेकीने पाहिलेला ठिपका आधीच दुसऱ्या कोणाच्या वेधांतून नोंदला गेलेला असेल, तर श्रेय तिकडे जातं. यात अन्याय झाला असं समजू नका. तशाच प्रकारे एखादं श्रेय आपल्या मुलांकडेही येऊ शकतं. क्रमांक मिळालेल्या शोधांना नाव सुचवण्याची संधी विद्यार्थ्यांना मिळते, असं ही मोहीम सांगते. गटात तिच्याबरोबर आणखी मुलं असतील, तर नावाचा विचार सगळ्यांनी मिळून करावा लागेल, हे घरी आत्ताच बोलून ठेवा. एका गटातल्या चार मुलांचे चार आजोबा असतात.

लेकीचं स्वतःचं नाव का नको, असंही कोणीतरी विचारेल. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव आपोआप मिळतं, लघुग्रहाचा संकेत वेगळा आहे. इथे शोधणारा दुसऱ्याचा सन्मान करतो. आपले खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्या नावात दोन्ही रीती दिसतात. 1949 मध्ये हार्वर्डमध्ये शिकताना त्यांना धूमकेतू सापडला, तो बाप्पू-बोक-न्यूकर्क म्हणून ओळखला जातो. ते नाव शोधामुळे आलं. आणि 2596 क्रमांकाचा 'वेणू बाप्पू' हा लघुग्रह दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाने शोधला आणि आदराने त्यांचं नाव त्याला दिलं.

हा सन्मान आजवर कोणाला मिळाला, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला सगळ्या देवीच होत्या: सेरेस, पॅलस, जुनो, व्हेस्टा. मग हळूहळू माणसं आली. 1857 मध्ये सापडलेल्या 45 क्रमांकाला तिसऱ्या नेपोलियनच्या पत्नीवरून 'युजिनिया' नाव मिळालं. 54 क्रमांकाचं नाव आलेक्झांडर फोन हुम्बोल्ट यांच्यावरून, पण तेव्हा बायकी नावंच चालत, म्हणून ते झालं 'अलेक्झांड्रा'. पुरुषी नाव पुरुषी रूपात आलं ते 1898 मध्ये सापडलेल्या 'इरॉस'ला.

भारतातून पहिला लघुग्रह शोधला तो नॉर्मन पॉगसन यांनी, 17 एप्रिल 1861 ला मद्रासच्या वेधशाळेतून. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचं नाव 'एशिया'. पॉगसन यांना मद्रासहून आणखीही काही सापडले. त्यानंतर आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षं यात सामसूम होती. 1988 च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत राजमोहन यांना 4130 क्रमांकाचा लघुग्रह मिळाला आणि त्यांनी त्याला 'रामानुजन' हे नाव दिलं. इतक्या वर्षांनी भारताच्या भूमीवरून सापडलेल्या खडकाला एका गणितज्ञाचं नाव द्यावंसं वाटलं, याचं मला आजही अप्रूप आहे. आपल्या गटातल्या मुलांना मी हे नाव सगळ्यात आधी सांगतो.

कोलंबिया यानाच्या अपघातानंतर त्यातल्या सातही जणांची नावं सात लघुग्रहांना दिली गेली, ओळीने 51823 ते 51829. त्यातला 51826 म्हणजे 'कल्पनाचावला'. विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा 4538 'विशीआनंद' आहे. तो 1988 मध्ये जपानमध्ये सापडला होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या घरीही तो असू शकेल. भारतीय शाळकरी मुलांच्या नावाचे अनेक लघुग्रह आहेत. त्यातल्या बहुतेकांनी लघुग्रह शोधलेले नाहीत. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेच्या लिनिअर प्रकल्पाने हजारो लघुग्रह शोधले, आणि मोठ्या विज्ञानस्पर्धांत वरचे क्रमांक मिळवणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या शिक्षकांची नावं ते त्यांना देत आले आहेत. म्हणजे तो स्पर्धेचा पुरस्कार आहे. त्यात शिक्षकांनाही जागा आहे, ही गोष्ट मला फार आवडते, आणि तुमच्या पणजोबांच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची आहे.

कारण आता अवघड भाग येतो. जी व्यक्ती किंवा घटना मुख्यतः राजकीय किंवा लष्करी कामासाठी ओळखली जाते, तिचं नाव द्यायला मृत्यूनंतर किंवा त्या घटनेनंतर शंभर वर्षं जावी लागतात. पणजोबांची ओळख स्वातंत्र्यसैनिक हीच असेल, तर 2083 पर्यंत थांबावं लागेल. ऐकून वाईट वाटतं, हे मला कळतं. पण या नियमामागे अनुभव आहे. पहिल्याच लघुग्रहाच्या वेळी, 1801 मध्ये, पालेर्मोच्या पियाझींनी सिसिलीच्या राजाचं नाव जोडून 'सेरेस फर्डिनांडिया' म्हटलं होतं. इतर देशांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी मागचा शब्द स्वीकारलाच नाही. 1850 मध्ये लंडनच्या हिंड यांनी 12 क्रमांकाला 'व्हिक्टोरिया' म्हटलं. ही रोमन विजयदेवता असं ते सांगत राहिले, पण राणीचं नाव म्हणून अमेरिकेत काही जण कित्येक दिवस त्याला 'क्लिओ' म्हणत होते. एका देशाचा वीर दुसऱ्या देशाला वीर वाटेलच असं नाही, आणि आकाशाची यादी मात्र सगळ्यांची एकच आहे. शंभर वर्षांत बरंच काही निवळतं.

नियमातला कळीचा शब्द आहे 'मुख्यतः'. तुम्ही लिहिलंय की ते पुढे शिक्षक झाले. किती वर्षं शिकवलं? गावात आज त्यांची आठवण कशी निघते, 'बेचाळीसमध्ये तुरुंगात गेलेले' म्हणून की 'आमचे गुरुजी' म्हणून? लोक त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखत असतील, तर प्रस्ताव शिक्षक म्हणून मांडणं प्रामाणिक ठरेल, आणि माझ्या मते त्याचा विचार होऊ शकेल. स्वातंत्र्यलढ्यातला भाग लपवू नका. पण सन्मान कशासाठी, ते एकाच वाक्यात स्पष्ट सांगता आलं पाहिजे. प्रस्तावासोबत दोन-तीन ओळींचं मानपत्र द्यावं लागतं आणि नावाबरोबर तेच कायमचं छापलं जातं. 'थोर, निःस्वार्थी, प्रेमळ' अशा शब्दांना तिथे वजन नाही. अमुक वर्षं अमुक विषय शिकवला, गावात पहिल्यांदा अमुक सुरू केलं, असं लिहिलं की परक्या देशातल्या माणसालाही ते समजतं.

बाकीचे नियम थोडक्यात. नाव रोमन लिपीत जास्तीत जास्त सोळा अक्षरांचं हवं, शक्यतो एकच शब्द. मराठी नावांची इथे अडचण होते. 'दत्तात्रय' लिहायला रोमनमध्ये दहा अक्षरं लागतात, आडनावाला उरतात सहा. मग एकतर नुसतं नाव किंवा नुसतं आडनाव घ्यावं लागतं, आणि ते आधीच्या कुठल्या लघुग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या नावासारखं नको. नाव उच्चारायला जमेल असं हवं. व्यापारी नावं चालत नाहीत. पाळीव प्राण्यांची नावं देऊ नयेत असं सांगितलं जातं. तो आग्रह एका खगोलशास्त्रज्ञाने आपल्या मांजरावरून 2309 क्रमांकाला 'मिस्टर स्पॉक' नाव दिल्यानंतरचा. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या लघुग्रहांना पुराणकथांतली नावं देण्याची पद्धत आहे, त्यामुळे तुमच्या लेकीचा खडक तसा निघाला तर पणजोबांचा प्रश्नच उरणार नाही. तो मुख्य पट्ट्यातला असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

आणि समजा तिचा ठिपका पुढे गेलाच नाही, तर? तरीही दार बंद होत नाही. आज आठ लाखांहून अधिक लघुग्रहांना क्रमांक मिळाले आहेत आणि नावं आहेत साधारण पंचवीस हजारांना. ज्यांनी ते शोधले त्यांना नाव सुचवणारं विनंतीपत्र कोणीही लिहू शकतं. जपानचं हायाबुसा यान ज्या लघुग्रहावर जायचं होतं, तो लिनिअरने शोधलेला होता. जपानी संस्थेने त्यांना विनंती केली आणि त्याला जपानच्या अग्निबाण संशोधनाचे जनक हिदेओ इतोकावा यांचं नाव मिळालं. बेन्नू या लघुग्रहाचं नाव तर एका नऊ वर्षांच्या मुलाने स्पर्धेत सुचवलेलं. शोधकर्त्यांना दोन महिन्यांत दोनच नावं सुचवता येतात, त्यामुळे खाजगी विनंतीला होकार मिळणं कठीण असतं. पण पणजोबांच्या कामाची नीट नोंद तयार असेल, तर पत्र लिहायला हरकत नाही.

सध्या एवढं करा. प्रमाणपत्रावर किंवा अहवालात त्या ठिपक्याची एक छोटी सांकेतिक खूण असेल, ती आणि वेध घेतल्याची तारीख जपून ठेवा. लेकीने पाठवलेला मूळ अहवाल शिक्षकांकडून मागून घ्या. शाळा बदलली की या गोष्टी हमखास हरवतात. दर सहा महिन्यांनी मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत तो ठिपका कुठवर आला ते तिलाच पाहू दे. आणि पणजोबांचे विद्यार्थी अजून हयात असतील, तर सुट्टीत तिला त्यांच्याकडे घेऊन जा, वही-पेन्सिल देऊन. ते आज सत्तरी-ऐंशीत असतील, म्हणून हे काम आधी.

ती सांकेतिक खूण मला कळवा. तिला दुसऱ्या रात्रीचे वेध मिळाले आहेत का, ते मी पाहून सांगतो.